सही मागे घेतली तेव्हा

आमच्या गावात कायम नोकरीवाल्याला दोन कामं चुकत नाहीत. बाप्तिस्म्याला मूल हातात घेणं आणि पतपेढीत जामीन राहणं. मी कारखान्यात कायम. मावसभावाच्या मुलीचा धर्मपिताही मीच. त्यामुळे होडीच्या नव्या इंजिनासाठी तो कर्ज काढायला निघाला तेव्हा त्याने विचारलंसुद्धा नाही, नुसता फॉर्म पुढे केला.

"पोरीसाठी चर्चमध्ये उभा राहिलास, आता बापासाठी रहा."

मीही मोठ्या ऐटीत सही ठोकली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने बायबलातली नीतिसूत्रं उघडून माझ्यापुढे ठेवली. शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर अडकलास. डोळ्याला डोळा लागू न देता त्याच्याकडे जा, नाक घासून विनव आणि सुटून ये, असा तिथला सल्ला. मी दर रविवारी चर्चला जाणारा, पण हे कधी कानावर पडलं नव्हतं. पडलं असेल तेव्हा मागच्या बाकावर डुलक्या काढत असेन.

खरं सांगतो, मी घाबरलो. भाऊ लबाड नव्हे, पण समुद्र काही हप्त्याची तारीख बघून मासळी देत नाही. सकाळीच त्याच्याकडे गेलो आणि मान खाली घालून म्हणालो, "माझं नाव काढ." तो भांडला असता तर बरं वाटलं असतं.

"व्हय, तुला पण पोरं हायत," एवढंच म्हणाला आणि माझ्यासोबत पतपेढीत येऊन त्याने फॉर्म परत घेतला. मला इतकं हलकं वाटलं की येताना सगळ्यांसाठी गरम पाव घेतले.

पुढच्या आठवड्यात इंजिन आलं. जामीन कोण, तर माझे वडील. बंदरावरच्या नोकरीची त्यांना पेन्शन आहे. मी बायबल घेऊन तावातावाने त्यांच्याकडे गेलो.

"मी पण वाचलंय ते," वडील म्हणाले. "जामिनानं सुटायचं कसं ते लिवलंय त्यात. ज्याला सोडून आलास त्यानं काय करायचं, ते न्हाय लिवलेलं. कुणीतरी उभं राहायला नको?"

गेल्या पावसाळ्यात होड्या बंद होत्या, तेव्हाचे दोन हप्ते वडिलांनी पेन्शनीतून भरले. कळल्यावर मी तेवढे पैसे घेऊन गेलो. त्यांनी हात लावला नाही.

"तू सुटलायस ना," म्हणाले, "मंग घरी जा."