खळमावशीचे सुटे फर्मे

आमच्या गल्लीत सुई-दोऱ्यावर पोट असलेल्या आम्ही दोघी. मी कपडे शिवते आणि माझ्या शेजारच्या गाळ्यातली मावशी पुस्तकं शिवते. शाळेला सुट्टी लागली की तिथल्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं पोत्यांतून तिच्याकडे येतात. ती जुनी शिलाई उसवते, पानं पुसते, पुन्हा शिवते, पाठीला पिठाची खळ लावते आणि वर नवा पुठ्ठा चढवते. बोटांना सदा खळ, म्हणून पोरांनी तिचं नाव खळमावशी पाडलं. तिला त्याचं काही वाटत नाही. मला कुणी असं नाव ठेवलं असतं तर मी कात्री घेऊन मागे लागले असते.

माझी भिंगरी तेव्हा नऊ वर्षांची. एका जागी बूड टेकेल तर शपथ. पुस्तक दिसलं की हिच्या पोटात दुखायला लागायचं. प्रगतिपुस्तकावर लाल शाईत आलं होतं, ‘वाचन कच्चे. सुट्टीत सराव घ्यावा.’ मग काय, घेतला मी सराव. रोज सकाळी घड्याळ लावून वीस मिनिटं. मी डोळे वटारायची, ती मुळूमुळू रडायची, आणि पान काही उलटायचं नाही. पाचव्या दिवशी मी हात टेकले आणि तिला मावशीच्या गाळ्यात नेऊन सोडलं. म्हटलं, वाचू नकोस बाई, निदान पानं तरी पूस.

तिथे अशी आणखी पाच-सहा पोरं होती. सगळ्यांच्या आया कामाला, आणि सगळी वाचनाच्या नावानं नाक मुरडणारी. मावशीनं त्यांना कधी ‘वाचा’ म्हटलं नाही. ती फक्त एकेकाच्या हातात एकेक सुटा फर्मा द्यायची. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी, अशा दहा-बारा घड्या शिवल्या की पुस्तक होतं. कुणाला पहिला मिळे, कुणाला मधलाच. गोष्ट होती एका बोटीवरच्या स्वयंपाकिणीची. ती कप्तानाला कोठीत कोंडते हे तिसऱ्या फर्म्यात, आणि का कोंडते ते दुसऱ्यात. झालं! तिसऱ्या फर्म्यावाला दुसऱ्या फर्म्याच्या मालकिणीमागे लागला. ती म्हणाली, “मी सांगते, पण मग तू पुढचं सांगायचं.” आणि पुढचं सांगायचं तर ते आधी वाचायला नको?

मी शिवणयंत्रावरून हे ऐकत होते आणि खरं सांगते, मला राग आला. वीस मिनिटं घसा फोडून जे मला जमलं नाही, ते या बाईनं नुसता कागद हातात देऊन केलं होतं.

“मावशी, तुम्ही त्यांना विचारता तरी का, किती वाचलं म्हणून?” मी एकदा टोमणा मारलाच.

“मी कशाला विचारू? मला त्यांची परीक्षा घ्यायची नाही,” ती म्हणाली. “आणि तूसुद्धा विचारू नकोस.”

मी पुन्हा यंत्र चालवायला घेतलं. मला गप्प बसवणारी माणसं या गल्लीत फार नाहीत.

दिलेला फर्मा हरवू नये म्हणून मावशीची एक पद्धत होती. त्याच्या जागी ती तेवढ्याच आकाराची कोऱ्या कागदाची घडी ठेवायची आणि तिच्यावर पेन्सिलीनं पोराचं नाव लिहायची. फर्मा परत आला की कोरी घडी बाहेर. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं. पण त्या वर्षी शाळा उघडायला चार दिवस उरले आणि दोन पोती शिल्लक. मावशी घड्या मोजते त्या डोळ्यांनी नाही, बोटांनी. बोटांनी बारा मोजल्या, बारा भरल्या, आणि तिनं शिवून टाकल्या.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेचे शिपाईकाका स्वयंपाकिणीचं पुस्तक घेऊन दारात उभे. सातव्या फर्म्याच्या जागी कोरी पानं आणि वर ठळक अक्षरात ‘भिंगरी’.

“मोठ्या बाई तापल्यात,” काका म्हणाले. “पाच वाजता वाचनालयाची मोजणी आहे. त्याआधी पुस्तक पुरं करून द्या. नाहीतर पुढच्या वर्षीपासून काम दुसऱ्याकडे देणार म्हणाल्या.”

मावशीचं तोंड पडलं. सुट्टीतल्या त्या कामावर तिचं अर्धं वर्ष चालतं, हे मला ठाऊक होतं. मी तशीच उठले, घरात गेले, तर भिंगरी पलंगाखाली पालथी पडलेली आणि पुढ्यात सातवा फर्मा. मी बकोट धरून तिला मावशीपुढे उभी केली.

“आठ दिवस झाले! परत करायला काय झालं होतं?”

“माझं झालं नव्हतं,” ती पुटपुटली. “मी हळू वाचते. सगळे हसतील म्हणून सांगितलं नाही.”

मी फर्मा हिसकावायला हात पुढे केला. मावशीनं माझा हात धरला. खळ लागली मनगटाला.

“किती राहिलं गं?” आयुष्यात पहिल्यांदा तिनं एखाद्या पोराला हे विचारलं असेल.

“दोन पानं.”

“मग बस इथे आणि वाच. तोवर मी शिलाई उसवते.”

“अहो, चार वाजले,” काका म्हणाले. “खळ सुकायला वेळ नको? उशीर झाला तर बाईंना काय सांगू?”

“खरं तेच सांगा. एक मुलगी वाचत होती, म्हणून थांबलो.”

ते काम पुढेही तिच्याकडेच राहिलं. पण त्या घटकेला तिला ते कुठे माहीत होतं? शिलाई दहा मिनिटांत उसवून झाली. सुईत दोरा ओवून झाला. मग ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. फर्मा मागितला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही, साधी खाकरलीसुद्धा नाही. मी तिच्या जागी असते तर पोरीच्या हातून कागद ओढून घेतला असता, आणि त्याबरोबर तिला नुकती लागलेली गोडीही. या बाईसारखी बाई मी पाहिली नाही.

भिंगरी ओळीखाली बोट फिरवत चालली होती. पहिलं पान संपलं. साडेचारचा ठोका पडला. काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. शेवटच्या पानाच्या मध्यावर ती एकदम फिस्सकन हसली. एकटीच. मग मान वर न करता माझ्याकडे सरकली, फर्मा अर्धा माझ्या मांडीवर टेकवला आणि म्हणाली, “आई, हे बघ ना, इथून वाच.”

मी वाचू लागले. अक्षरं काही धड दिसेनात. पण मी मध्येच थांबले तशी तिनं कोपरानं मला ढोसलं, “वाच ना गं, पुढे आणखी मजा आहे.”