दहा मिनिटं बंद पडणारा हात

मास्तरांचा उजवा हात बंद पडला, तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात टेबलावर गणवेशाच्या कापडाचे चाळीस थर अंथरलेले होते. कापायचं मशीन हातातून सुटलं, कापडात भलतीकडेच घुसलं आणि चाळीस पँटींचा सत्यानाश झाला. दहा मिनिटांनी हात पुन्हा ठणठणीत. पण सुपरवायझरनं मास्तरांना उचलून बटणं लावणाऱ्यांत बसवलं. बत्तीस वर्षं कटिंग मास्तर म्हणून मिरवलेला माणूस आणि हातात बटणांचा डबा!

"टेबलाशी यायचं तर डॉक्टरचं पत्र आणा," सुपरवायझर म्हणाला.

घोडं तिथंच पेंड खात होतं. डॉक्टरपुढे पोचेपर्यंत हात पुन्हा शहाण्यासारखा वागायला लागलेला असायचा. पहिल्या डॉक्टरनं रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, छान म्हणाला. दुसऱ्यानं मणक्यावर ठपका ठेवून मानेला पट्टा दिला. तिसऱ्यानं भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगितला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तीन महिन्यांत हात आणखी दोनदा गेला, आणि शेवटच्या खेपेला बायकोकडे चहा मागताना तोंडातून अर्थ नसलेले शब्द आले. ती आधी हसली. मग तिनंच त्यांना चौथ्या डॉक्टरकडे ओढत नेलं.

यात मास्तरांचीही चूक होतीच. प्रत्येक फॉर्मवर 'पूर्वीचा आजार' या ओळीपुढे ते 'नाही' लिहीत आले होते. सोळा वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर झाला होता आणि सात आठवडे मानेला किरणांचे शेक दिले होते. पाच वर्षांनी डॉक्टर म्हणाले, बरे झालात, आता विसरून जा. मास्तरांनी ते अक्षरशः पाळलं. बायको तर त्या आजाराचं नाव घरात काढू देत नसे.

चौथी डॉक्टर मुलीच्या वयाची होती. तिनं फॉर्म बाजूला ठेवला आणि मानेवरून बोटं फिरवली.

"काका, इथली कातडी इतकी कडक कशानं झाली?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. डॉक्टरनं मानेला स्टेथोस्कोप लावला आणि त्याच दिवशी सोनोग्राफी करवली. मेंदूकडे रक्त नेणारी डावीकडची मोठी वाहिनी ऐंशी टक्के बंद होती.

"शेकांमुळे वाहिनी वर्षानुवर्षं आतून अरुंद होत जाते. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते, म्हणून तो जातो," ती म्हणाली. "आतापर्यंत परत आला. पुढच्या वेळी येईल याची खात्री नाही. लवकर ऑपरेशन करू. फक्त शेकांचे जुने कागद हवेत."

कागद आणायला दोघं जुन्या हॉस्पिटलात गेले. तेव्हाचे डॉक्टर अजून तिथंच होते, केस पांढरे झालेले. त्यांना बघताच मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"पाच वर्षं मी तुमच्या दारात येत होतो. घशात बघायचात, छान म्हणायचात. मानेतल्या नसाही अधूनमधून तपासून घ्या, एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं? बटणं मोजतोय मी!"

डॉक्टरांनी फाइल मिटली. "खरं सांगू? तेव्हा तुम्ही पाच वर्षं काढाल की नाही, याचीच आम्हाला धास्ती होती. सोळाव्या वर्षाचा विचार मी केलाच नाही. चुकलं माझं."

मास्तर भांडायच्या तयारीनं आले होते. समोरचा चुकलं म्हणाल्यावर भांडायचं कोणाशी? त्यामुळे ते अधिकच चिडले.

बायकोनं त्यांची बाही ओढली. "अहो, पुरे. सोळा वर्षं दिली त्यांनी आपल्याला. तेवढ्यासाठी तरी गप्प बसा."

"दिली ना. मग मला जगायची सवय लागली," मास्तर म्हणाले. "आता ती सुटेल का?"

डॉक्टरांनी फाइलमधले कागद काढून दिले, आणि सर्जनला स्वतः फोन लावला.