सीतेच्या वेणीला मीठ

माझ्या सासऱ्यांच्या परसातल्या आंब्याला आंबे बेताचेच लागत, पण ज्येष्ठाच्या तोंडावर त्याच्या एका फांदीवरून सीतेची वेणी लोंबायची. पांढऱ्या फुलांचा, जांभळट ठिपक्यांचा वीतभर तुरा. रोह्याकडच्या त्या गावात तिचं कुणाला कौतुक नव्हतं. झाडावर उगवलेलं झाड म्हणजे बांडगूळ, असा सरसकट निकाल होता. सासरे मात्र दरवर्षी शिडी लावून एक तुरा काढायचे आणि मुलीच्या केसांत खोचायचे. ती मुलगी पुढे माझी बायको झाली, आणि पेणच्या बाजारातला एकही गजरा त्यानंतर तिच्या परीक्षेत पास झाला नाही.

सासरे गेले. मेव्हण्याने स्लॅबचं घर बांधायला काढलं, त्यात आंबाही गेला. दिवाळीनंतर एका रविवारी मेव्हणा सिमेंटची गोणी मांडीवर घेऊन एसटीने आमच्याकडे आला. "ताई, तुझं बांडगूळ आणलंय," म्हणाला. "बाकी झाडाच्या फळ्या झाल्या." गोणीत सालीसकट फांदीचा तुकडा होता आणि त्याला चिकटलेली जाड, पन्हळीसारखी पानं.  बायकोने जुन्या सुती साडीच्या चिंध्यांनी सुटी मुळं फांदीला बांधली आणि फांदी आमच्या गॅलरीत टांगली.

त्याच हिवाळ्यात आमच्या पेणला पुष्पप्रदर्शन भरलं. दीपप्रज्वलन, शाल, नारळ आणि पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत गुलाबांनी माना टाकल्या होत्या. मधोमध काचेच्या पेटीत एक ऑर्किड होतं आणि त्याच्याबद्दल प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे कार्यवाह राजघराण्याबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलत होते. आमच्या गॅलरीत धुण्याच्या दोरीशेजारी लटकतंय ते याच घराण्यातलं, हे मला तिथे कळलं. घरी येऊन मी सांगितलं. आमच्या आईवर या खानदानीपणाचा परिणाम झाला नाही. "असंल," ती म्हणाली. "पण तिला खायला काय देता?"

प्रश्न रास्त होता. आई खाडीकाठच्या गावची, मिठागराच्या बांधावर वाढलेली. माती नाही, शेण नाही, नुसत्या फांदीवर झाड टांगायचं म्हणजे तिच्या मते पाहुण्याला उपाशी ठेवणं होतं. बायको रोज सकाळी मुळांवर पाणी शिंपडायची. रुपेरी मुळं पाणी पिताच हिरवी व्हायची, तेवढं बघून ती कामाला लागायची. आठवड्यातून एकदा तांदळाचं धुवण, तेही भरपूर पाणी घालून. प्रदर्शनातून मी आणलेल्या खताच्या बाटलीवर एक झाकण लिहिलं होतं, ती पाव झाकण घालायची. जंगलात हिला कोण ताट वाढत होतं, असं तिचं म्हणणं. आई ते ऐकून घ्यायची आणि गप्प राहायची. आमच्या घरात याला मतभेद म्हणत.

वैशाखात पानांची टोकं काळी पडली. मुळं सुरकुतली, सालीवर पांढरा थर दिसू लागला. आमच्या खाली गणपतीचा कारखाना होता आणि त्या दिवसांत मूर्ती घासण्याचं काम जोरात चाले. तिथली पांढरी भुकटी आमच्या कपड्यांवर, भांड्यांवर, चहावरसुद्धा बसायची. बायकोला शंकाच उरली नाही. तिने पदर खोचला. वडिलांच्या परसातलं एवढंच उरलं होतं, आणि तेही हातचं जाणार होतं. ती जिन्यापर्यंत पोचली, तेवढ्यात मागून आई म्हणाली, "खाली जाव नको गो. कारखान्याचं नाय ते. मीठ हाय."

नारळाला पावसाच्या आधी बुंध्यात मीठ घालायचं, ही आईच्या माहेरची रीत. बिचाऱ्या उपाशी झाडाला तिने रोज दुपारी, आम्ही पडलेलो असताना, चिमूटभर मीठ पाण्यात कालवून पाजलं होतं. नारळ त्याने जोमात येतो, हे खरंच आहे. फक्त ही नारळ नव्हती.

बायको जिन्यावरच बसली. त्या वर्षी तुरा आला नाही आणि कित्येक दिवस घरात आवाज फक्त भांड्यांचा होता. मग पाऊस लागला. आईने पागोळ्यांखाली पातेली मांडली आणि सकाळ-संध्याकाळ पावसाच्या पाण्याने ती फांदी धुवायला घेतली. मीठ आपण घातलं, तर काढायचंही आपणच, एवढंच ती म्हणाली. पहिले काही दिवस बायको दारातून नुसती बघायची. पुढे तांब्या धरायला लागली. तांब्या धरता धरता तिने आंब्याची, शिडीची, वडिलांची सगळी गोष्ट आईला सांगितली. मला ती लग्नानंतर सांगितली होती, पण मी बहुधा पेपर वाचत होतो.

दसऱ्याच्या सुमारास एका मुळाला हिरवं टोक फुटलं. पुढच्या ज्येष्ठात तुरा आला. एकच, पण पुरा वीतभर.

रस्त्यावरून जाताना कार्यवाहांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी एका थोर पाहुण्यांचा सत्कार होता. व्यासपीठावर टांगायला फांदी हवी, सकाळी माणूस घेऊन येतो, असं सांगून ते गेले. आमचा होकार त्यांनी गृहीत धरला होता. सन्मान नाकारायची सवय कुणालाच नसते, आम्हालाही नव्हती.

सकाळी आई स्टुलावर चढली आणि विळ्याने तुरा कापला. बायको धावत आली.

"आई, कापलात? एवढा एकच होता."

"पुढल्या साली येल. मी हाय ना पाणी घालायला. बस खाली."

बायकोच्या केसांत तेव्हा पांढरे दिसायला लागले होते. आईने तुरा खोचला, जरा लांब होऊन बघितलं आणि पुन्हा सरळ केला. मी पेपर खाली ठेवला होता.

थोड्या वेळाने कार्यवाह आले. माणूस, सुतळी, सगळं आणलं होतं. रिकाम्या फांदीकडे बघून त्यांनी विचारलं, फूल कुठाय?

आई तांदूळ धूत होती. तिने वर पाहिलं नाही.

"भाजी आणायला गेलंय," म्हणाली.