घळीसाठी लॉक

मामांच्या गॅरेजात गाडी आणली की आधी गाडीवाल्यालाच आवाज काढावा लागायचा. बॉनेट उघडायचं नाही, चावी फिरवायची नाही. मामा कापडाला हात पुसत समोर येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "हं, तोंडाने काढून दाखवा." मग बँकेतला शिष्ट माणूस रस्त्यावर कुणी ओळखीचं नाही ना ते बघून हळूच "किर्र किर्र, ठक" करायचा. "ठक आधी की किर्र आधी?" मामांनी विचारलं की पुन्हा पहिल्यापासून. काउंटरवर वॉशर निवडत बसलेल्या मामी मान खाली घालून हसून घ्यायच्या. एका भारदस्त ठेकेदाराने आपला गिअरबॉक्स इतका जीव ओतून रडून दाखवला होता, की समोरच्या दुकानाबाहेरचं कुत्रं येऊन त्याच्या पायाशी बसलं.

मामांचं म्हणणं असं, की गाडी मिस्त्रीपुढे आली की लाजते आणि आवाज गिळून टाकते. पण रोज चालवणाऱ्याच्या कानात तो घर करून बसलेला असतो. तिथून तो बाहेर काढला की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी मामांचे हात होते. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं ते काही उगाच नाही.

त्यांची धाकटी बहीण दवाखान्यात नर्स होती. दवाखान्याची जीप ती स्वतः चालवायची आणि डोंगरावरच्या वस्तीची फेरी करायची. वस्तीच्या अलीकडे एक घळ होती, दगडगोट्यांनी भरलेली. मागच्या फेरीला जीप तिथे अशी अडकली की वस्तीवरच्या माणसांनी दोर लावून ओढली. बातमी साहेबांपर्यंत गेली. दवाखान्याचे साहेब वाईट नव्हते, पण शब्द असे जपून काढायचे जणू प्रत्येकाची पावती द्यायची आहे. ते म्हणाले, रस्ता वाहनयोग्य नाही, वस्तीवाल्यांनी खाली यावं. बहीण हटून बसली, तेव्हा एवढंच कबूल झालं की साहेब स्वतः एकदा जीपमध्ये बसून येणार. जीप आपल्या बळावर चढली तर फेरी चालू. नाही चढली तर बंद.

"खाली यायला त्यांना पाय आहेत, पण बाळंतिणीला कोण आणणार?" गॅरेजात येऊन ती मामांना म्हणाली. "दादा, काहीतरी कर."

"अडकते म्हणजे काय होतं?"

"मागचं एक चाक हवेत जातं आणि गरगर फिरतं. दुसरं जमिनीवर असतं, ते ढिम्म हलत नाही."

"नाहीच हलणार. मधे डिफरन्शियल आहे ना." मामा खाली बसले आणि मागच्या एक्सलच्या मधोमध असलेल्या भोपळ्याएवढ्या लोखंडी गोळ्यावर त्यांनी थाप मारली. "वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. हा दोघांना आपापल्या चालीने चालू देतो. सपाट रस्त्यावर अगदी गुणी. पण एक चाक उचललं गेलं आणि दोन्हींना जखडणारा लॉक नसला, की याची अक्कल जाते. जे टेकून उभं आहे, काम करायला तयार आहे, त्याला काही नाही. जे हवेत उनाडतंय त्याला सगळं."

"आपल्या आईसारखं."

"आई कुठे आली मधे?"

"भांडी मी घासायची आणि साय तुझ्या वाटीत."

मामींनी वॉशर खाली ठेवला. "मग या उनाडाला लॉक कुठला लावला शेवटी?"

"तुम्हीच की वहिनी."

मामांनी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांचं मत तयार होतं. लॉक तीन तऱ्हेचे. लिमिटेड स्लिप म्हणजे आत दाबून बसवलेल्या चकत्या, त्या घासून उनाड चाकाचा थोडा जोर दुसऱ्याला देतात. दुसरा आपोआप लागणारा लॉक, तो जोर दिला की दोन्ही चाकं एकत्र जखडतो. तिसरा बटणाचा, तो हवेच्या दाबावर चालतो, दाबला तरच लागतो. मामांचा जीव दुसऱ्यावर. बटणाच्या लॉकचं नाव काढलं तरी त्यांचं नाक वर जायचं. "त्याला पंप आला, नळी आली, वायर आली. घरात इतकी माणसं आली की रुसवेफुगवेही आलेच."

"मला काय कळतंय त्यातलं," बहीण म्हणाली. "मला रस्ता कळतो."

"मग रस्ता काढून दाखव. तोंडाने."

ती सरळ गॅरेजच्या मधोमध उभी राहिली, हातात नसलेलं स्टिअरिंग धरलं आणि निघाली. आधी "घर्रर्र," मग दगड लागले, "टकटक, टकटक, धप." मग चढ, पोटातून काढलेला "हुंऽऽ." मामींनी हातातलं काम सोडलं. बहिणीचा एक खांदा खाली गेला, एक वर आला आणि तिने डोळे मिटून लांबलचक "व्हींऽऽऽ" काढला.

"थांब," मामा म्हणाले. "या व्हींमधे कुठे खर्र ऐकू येतं? चाक मधूनमधून जमिनीला शिवतं का?"

"नाही. अधांतरीच."

"मग लिमिटेड स्लिप बाद. चाकाला खाली काहीच अडत नसेल तर चकत्या दुसऱ्याला देऊन देणार किती? चिमूटभर. पुढे चल."

"पुढे वळण. चिकणमाती आहे आणि रस्ता एका अंगाला कललेला. तिथे बघ..." तिने ओठ जेमतेम उघडले. "सुळ्ळ."

"दरी कुठल्या अंगाला?"

"सुळ्ळ जातं त्याच अंगाला."

मामा बराच वेळ दाढी खाजवत राहिले. त्यांचा लाडका लॉक तिथे जोर दिल्याबरोबर लागला असता. दोन्ही चाकं एकदम घसरली असती आणि जीपचं शेपूट दरीकडे गेलं असतं. घळीत लॉक हवा होता आणि वळणावर नको होता.

"बटणाचाच," कडू औषध गिळावं तसे ते म्हणाले.

काम सुरू झालं. तेल काढलं, एक्सल ओढले, जुना डिफरन्शियल बाहेर आला. त्याच्यावरचं मोठं दातेरी चाक, ज्याला क्राऊन म्हणतात, नव्या लॉकवर चढलं. क्राऊनचे दात त्याला फिरवणाऱ्या लहान चाकाच्या, पिनियनच्या दातांना किती जवळ बसवायचे, हीच सगळी कला. मामा कागदासारख्या पातळ पत्र्याच्या शिम घालायचे, काढायचे, दातांना पिवळी पेस्ट लावायचे. मामी चाक फिरवायच्या. छाप दाताच्या टोकाला उमटली की मामा "हं हं" करायचे आणि पुन्हा शिम. "अहो, आता तरी बसली का?" "बसली नाही, टेकली." अखेर छाप दाताच्या पोटात मधोमध उमटली, तेव्हा मामींनीच आधी पाहिली.

मग हवेच्या नळीचं तोंड नीट बसवायला बेअरिंग दाबून धरणाऱ्या दोन कॅप पुन्हा काढाव्या लागल्या. या कॅप दिसायला जुळ्या, पण डावी डावीकडेच आणि उजवी उजवीकडेच बसवायची. मामांनी नेहमीप्रमाणे डावीवर एक ठिपका ठोकला होता, उजवीवर दोन. आणि कॅप परत चढवताना बहीण म्हणाली, "दादा, साहेब कसे बोलतात ते कर ना." मामांना एवढंच पुरे. हनुवटी आत, आवाज नाकात, "रस्ता. वाहनयोग्य. नाही." मामींना हसता हसता ठसका लागला. मामांनी पाना फिरवत आणखी दोन वाक्यं म्हणून घेतली.

ठरल्या दिवशी सकाळी मामा आणि बहीण जीप फिरवून आणायला गेले. लॉक झकास लागत होता, झकास सुटत होता. परत येताना मामांनी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ऐकलंस?"

"काय?"

"ऊंऽ. पाय उचलला की."

तिला काही ऐकू आलं नव्हतं. गॅरेजसमोर साहेब येऊन थांबले होते. "निघायचं?"

"नाही," मामा म्हणाले. "उघडावं लागेल. चूक माझी आहे."

"म्हणजे वाहन तयार नाही, असं समजू?"

बहीण मामांच्या कानाशी आली. "दादा, एका फेरीपुरती चालेल ना? हे परत गेले तर सगळं संपलं."

"एका फेरीपुरती चालेल. पण पुढच्या फेरीला साहेब नसतील, मी नसेन. त्या वळणावर तू एकटी असशील."

साहेबांनी ते ऐकलं. ते गेले नाहीत. मामींनी खुर्ची दिली, चहा दिला आणि सहज विचारलं, "तुमच्या गाडीचं कसं काय?"

"माझी गाडी व्यवस्थित आहे." मग बऱ्याच वेळाने, कपात बघत, "ब्रेक दाबला की थोडं... कुंय."

"जरा मोठ्याने," जीपखालून आवाज आला.

साहेबांनी कप खाली ठेवला, टाय सारखा केला आणि "कुंऽऽय" केलं. जीपखालून समाधानाचा हुंकार आला आणि मग पाना थांबला. डावीकडच्या कॅपवर दोन ठिपके होते. मामा त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्याला त्याला ठिपके ठोकायला शिकवणारा माणूस, एका नकलेपायी फसला होता. त्यांनी बेअरिंग काढून बोटावर फिरवून पाहिल्या, चांगल्या होत्या. कॅप अदलाबदल करून बसवल्या, पुन्हा पेस्ट, पुन्हा छाप. या वेळी तोंडातून चकार शब्द नाही.

मग निघाले. बहीण गाडी चालवायला, साहेब शेजारी, मामा मागे औषधांच्या खोक्यांना धरून. घळ आली. तिने जीप थांबवली, बटण दाबलं. पंप गुरगुरला, जीप तसूभर पुढे सरकली आणि मागे टक् झालं. मागचं चाक हवेत गेलं. चाक फिरलं, पण उधळलं नाही. खालच्या चाकाबरोबर, त्याच्याच चालीने फिरत राहिलं, आणि जीप कोपर टेकून उठणाऱ्या माणसासारखी दगडांवरून वर आली. साहेबांनी हँडल इतकं घट्ट धरलं होतं की घळ संपली तरी सोडायचं राहून गेलं. वळणाआधी बहिणीने बटण बंद केलं आणि मातीवरून जीप अलगद, मुंगीच्या पावलांनी काढली. मामांनी खिडकीतून खाली एकदाच पाहिलं.

वर बायका बाळं घेऊन उभ्या होत्या. साहेब उतरले, बूट झटकले, घळीकडे वळून पाहिलं. "फेरी चालू ठेवा," ते बहिणीला म्हणाले. "आणि आज जे उघडावं लागलं ते दर सहा महिन्यांनी तपासून घ्या."

तिने मान हलवली, पण तिचं लक्ष नव्हतं. एक तान्हं बाळ वजनकाट्याच्या झोळीत ठेवलं होतं आणि ती त्याच्या पाठीखाली एक हात धरून, झोळी स्थिरावली की आकडा वाचायला वाकली होती. मामांनी बहिणीचं काम कधी पाहिलंच नव्हतं. बाळ रडायला लागलं तशी तिची बोटं जराशी सरकली, आणि ते गप्प झालं. मामा नीट बघायला आणखी पुढे झाले.

"दादा, उजेड अडवू नकोस. बाजूला हो."

कुणाच्या सांगण्याने जागचे न हलणारे मामा मुकाट्याने बाजूला झाले.