डॉक्टरच्या मापाचे कपडे

मंडळी, आज सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि त्यांचा खांदा निखळला. बाळकुमहून रिक्षाने हॉस्पिटल गाठलं.

हाडांच्या विभागात शिकणारी एक डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून तिथल्याच कपड्यांत धावत आली. "मोठे डॉक्टर कुठायत?" सासूबाईंनी विचारलं. ती हसली आणि त्यांना बोलतं ठेवून तिने खांदा अलगद बसवला.

कळ थांबली. सासूबाई पूर्वी वागळे इस्टेटच्या कारखान्यात कपडे शिवायच्या. त्यांची नजर तिच्या बाह्यांवर गेली. "अगं, केवढे ढगळ कपडे घातलेस?"

"थिएटरचे कपडे पुरुषांच्याच मापाचे येतात, आजी. विभागात मुलगी मी एकटीच."

"हात बरा झाला की शिवून देते. चार जोड जास्तच शिवते, अजून पोरी येतील."

त्या डॉक्टरचे आभार मानावे तेवढे थोडे. आता आमचं बंद पडलेलं शिलाई मशीन ठाण्यात कोण दुरुस्त करून देईल, तेवढं सांगा.