धरून ठेवणारी बेबाबाई

सोनगीरकडच्या एका गावात, मारुतीच्या पाराला लागून जी गल्ली आहे, तिथं बेबाबाईचं मोठं नाव होतं. कोणाचं नाव पापडासाठी असतं, कोणाचं भांडणासाठी. बेबाबाईचं नाव होतं ते दिवसभर लघवीला उठत नाही म्हणून. हसायचं असेल तर हसून घ्या, पण गल्लीत ही गोष्ट सोन्याच्या पोतीसारखी मिरवली जायची.

पहाटे अंधारात बाहेर जाऊन आली, की पुन्हा दिवस बुडाल्यावर. मधल्या वेळात कापूस वेचायचा, भाकरी थापायच्या, म्हशीचं शेणपाणी करायचं, आणि खालून सगळं घट्ट आवळून धरायचं. कपाशी ती केवढी, कमरेएवढी. आडोसा कसला? बांधावरून गडीमाणसं जा-ये करतात. ज्या बायका मधेच उठायच्या त्यांना बाकीच्या म्हणायच्या, "चालनी बाई टाकी खाली कराले!" बेबाबाईला असं कोणी कधी म्हटलं नाही.

तिची सासू ताईबाई ओट्यावर बसून आल्यागेल्याला सांगायची, "मनी सून देखा. पहाटे जास ते एकदम दिवस बुडाले. इतलीबी चुळबुळ नही."

ताईबाईनं सुनेच्या भाकरीला कधी बरं म्हटलं नाही, भाजीला तर नाहीच नाही. कौतुक केलं ते एवढंच. मग बेबाबाईनं ते जपलं. ज्या गोष्टीसाठी माणसाला शाबासकी मिळते तीच माणूस जास्त करतं.

सासूनं आणखी एक शिकवलं. बेबाबाई विशीत लग्न होऊन आली तेव्हा घर म्हणजे एक खोली नि पुढं पडवी. मधे लुगड्याचा पडदा. ताईबाईनं नव्या सुनेला जवळ बोलावून सांगितलं, "दात आवळी ठेव. आवाज बाहेर येवाले नको." बेबाबाईनं दात आवळले. दातांबरोबर मान आवळली गेली, पोट आवळलं गेलं, आणि त्याच्या खालचं जे होतं ते तर सगळ्यात आधी. दुखलं. असं दुखलं की काटेरी फांदी ओढून नेल्यासारखं. पण आवाज बाहेर आला नाही.

नवरा चुडामण वाईट नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी होती, शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तो हळू विचारायचा, "दुखस का?" ती म्हणायची, "नही." दर वेळी नहीच. त्याला तिचं तोंड दिसायचं नाही असं तिला वाटायचं. कंदिलाच्या उजेडात दिसायचं सगळं.

मग लेक झाली, पुनम. बाळंतपणात ताईबाईनं तिचं पोट जुन्या लुगड्यानं करकचून बांधलं, रीतच तशी. त्यानंतर तर चुडामण नुसता जवळ सरकला तरी अंग आपोआप मिटायला लागलं. एकदा तिच्या तोंडून किंकाळी निघाली. कोंबडीच्या पिलावर पाय पडावा, तसा चुडामण उडाला. पडदा हलला. पलीकडून सासू खोकली.

त्यानंतर चुडामण मळ्यात निजायला जायला लागला. म्हणे रानडुकरं येतात. मग म्हणे मोटरीला लाइट रात्रीची असते. मग काही म्हणायचंही राहून गेलं. सासू वारली, पडदा निघाला, वर स्लॅब पडला, पुनम लग्न होऊन यावलला गेली. घरात दोनच माणसं उरली आणि त्यातलंही एक मळ्यात.

तो तिला जपायचा. सोनगीरच्या बाजारातून गरम जिलबी आणायचा, पिशवी छातीशी धरून, निवू नये म्हणून. हिवाळ्यात तिच्या पायाच्या भेगांसाठी मलम आणायचा. फक्त हात लावायचा नाही. जिलबीची पुडीसुद्धा ओट्यावर ठेवायचा, हातात द्यायचा नाही.

बेबाबाईला वाटायचं, खोट माझ्यातच आहे. देवानं बाकीच्या बायकांना दिलं ते मला द्यायला तो विसरला. पन्नाशी जवळ आली तरी मनाच्या तळाशी एक गोष्ट होती, कोणाला न सांगितलेली. त्यानं घरी येऊन खाटेवर निजावं. एकदा तरी, दात न आवळता.

मग लघवीची आग सुरू झाली. बसलं की माकडहाडात कळ. गावात बायकांचं शिबिर भरलं होतं. तिथल्या नर्सबाईनं सगळ्यांना एक व्यायाम शिकवला: खालचं आवळा, धरा, सोडा. ज्यांना खोकताना-हसताना थेंब जातात त्यांच्यासाठी. शेजारची वच्छलाबाई हसली की तिला घराकडं पळावं लागायचं, आणि ती बया दिवसभर हसायची. तिला या व्यायामानं गुण आला.

बेबाबाईनं ऐकलं "आवळा" आणि "धरा." तिला वाटलं, आयुष्यात एक तरी परीक्षा आपल्यासाठी निघाली. दूध काढताना आवळलं, चुलीपुढं आवळलं, एसटीत बसून आवळलं. सोडायचं ते तिनं सोडूनच दिलं. सोडणं म्हणजे काय, काम थांबवणं. त्यात काय शिकायचं?

उन्हाळा संपेपर्यंत तिला धड बसता येईना. लघवी थेंबथेंब. घरात संडास बांधून झाला होता, पण त्यात म्हशीच्या ढेपेची पोती रचलेली होती आणि बेबाबाई अजून अंधाराचीच वाट बघायची. शेवटी वच्छलाबाईनं तिला धुळ्याच्या गाडीत घातलं.

डॉक्टरीणबाईनं तपासलं, म्हणाली जखम नाही, गाठ नाही. आणि वरच्या मजल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडं पाठवलं. तिचं नाव दिपमाला, जळगावजवळच्या असोद्याची, पुनमच्याच वयाची. वच्छलाबाई बाहेर बाकावर बसली, कान दाराला लावून.

बेबाबाईनं सांगितलं ती किती मेहनतीनं आवळते. तिला वाटलं शाबासकी मिळेल.

दिपमालानं कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखं तोंड केलं. "मावशी, तुमचा हात बघा."

मांडीवर मूठ होती. घट्ट.

"उघडा."

उघडली. जरा वेळ गप्पा झाल्या, पुनमच्या, म्हशीच्या. मग दिपमालानं पुन्हा बोट दाखवलं. मूठ परत मिटली होती, बेबाबाईला न विचारता.

"खाली पण अशीच मूठ आहे तुमची. कित्येक वर्षांची. तुमची शक्ती कमी नाही, तुम्हाला उघडायचं माहीत नाही. तो व्यायाम तुमचा नाहीच. तुमचा उलटा." मग आवाज खाली आणून, "काकांजवळ दुखतं?"

बेबाबाईनं छताच्या पंख्याकडं बघितलं. पंखा फिरत होता. "दुखस," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तेही नवऱ्याला नाही, परक्या पोरीला.

"कधी आवडलं?"

"आवडाचं बी रहास का ते?"

दिपमाला हसली नाही. "असतं मावशी. बाईलाही असतं. पण मुठीत धरलेल्या हाताला कुरवाळलेलं कळत नाही. बरं, तुमची म्हैस कधी दूध चोरते का?"

"हा. अनोळखी माणूस उना, की चोरस."

"मग काय करता? ओढता?"

"ओढतस का कोनी? लाथ मारी ती. कास कोमट पाण्यानं धुवानी, पाठ थोपटानी, तोंडपुढे ढेप ठेवानी. आन घाई नही कराची."

"झालं तर. तेवढं स्वतःला करा."

बाहेर वच्छलाबाई खळखळून हसली, आणि या वेळी तिला पळावं लागलं नाही.

मग बेबाबाईची दुपार बदलली. भाकरी झाली की दाराला कडी. गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी, एक हात पोटावर. श्वास छातीत अडवायचा नाही, खाली जाऊ द्यायचा, पोट फुगू द्यायचं. जबडा लोंबकळता सोडायचा, कारण दात आवळले की खालचंही आवळतं, हे दिपमालानं हात लावून दाखवलं होतं. कोमट पाण्याच्या घमेल्यात बसायचं. तेलाचं बोट आत जिथं दुखतं तिथं नुसतं टेकवून थांबायचं, ढकलायचं नाही. आणि लघवी आली की उठायचं. संडासातली ढेप ओसरीत आली. गल्लीत बातमी झाली, "बेबाबाई आते दिवसा बी जास!" तिचं नाव धुळीला मिळालं, पण कळ जरा कमी झाली.

पहिले काही आठवडे ती नुसती रडकुंडीला यायची. सोडायला गेलं की आणखी आवळायचं. अंगच ऐकेना. आपलंच अंग, आणि ते सासूचं ऐकत होतं, सासू वारून इतका काळ झाला तरी.

मग दिवाळीनंतरच्या एका दुपारी, श्वास खाली गेला आणि काहीतरी सुटलं. डोक्यावरचा कापसाचा भारा कोणी मागून अलगद उचलून घ्यावा, तसं. आणि त्या रिकाम्या जागेत एक ऊब भरत गेली, गोड, पार मांड्यांपर्यंत. तिनं खालचा हात काढला नाही. ऊब वाढत गेली, एकदम भरून आली आणि लाट होऊन निघून गेली. बेबाबाई घाबरून उठून बसली. कडी लागलेली आहे ना बघितलं. लागलेली होती.

मग ती रडली. लोक म्हणतील आनंदानं. आनंदानं नाही. हे होतं तर. इतकी वर्षं हे अंगातच होतं, आणि ती त्याच्यावर बसून भाकरी थापत होती. चुडामणनं विचारलं होतं, दुखतं का. एकदा "हा" म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं वांग्याचं भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, हिरवं लुगडं नेसली आणि भर दुपारी मळ्यात गेली. चुडामण विहिरीजवळच्या खोपीत होता. वेचणी दुसऱ्या टोकाला होती, जवळपास कोणी नव्हतं. तो जेवला. भरीत चांगलं झालंय म्हणाला, दोनदा. ती खाटेवर त्याच्या शेजारी बसली. इतक्या जवळ ती कधी बसली होती आठवत नव्हतं. त्याच्या अंगाला तंबाखूचा आणि कपाशीच्या फवाऱ्याचा वास होता. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"आते नही दुखस," ती म्हणाली.

चुडामण हलला नाही. कसलं दुखत नाही, हे त्यानं विचारलं नाही. म्हणजे त्यालाही रोज आठवत होतं.

"धुळाले एक पोर शे, तिनी शिकाडं. खरंच सांगस. आते नही दुखस."

त्यानं तिचा हात दोन बोटांनी उचलला, जखमी चिमणी उचलावी तसा, आणि तिच्याच मांडीवर ठेवला. "राहू दे, पुनमनी माय. तुले तरास नको."

"तरास नही ना व्हस. आवडस बी."

हे शब्द बोलायला तिला केवढं धैर्य लागलं ते तिलाच माहीत. त्यानं तिच्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं म्हाताऱ्याच्या. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण त्या घडीला म्हाताराच दिसला.

"तू तव्हय बी नहीच म्हने," तो म्हणाला.

तिनं रिकामा डबा जवळ ओढला.

"मी दर वखत पूछं. तू दर वखत म्हने, नही. आन तुनं तोंड माले दिसे. आते कोनताबी 'नही' मना कानले खरा वाटत नही. हात उचलस ते मनाच आंगवर काटा येस. तुनी ती किंकाळी ऐकू येस. माले नही जमाव आते. तुनी काही चूक नही."

मग तो उठला. "मोटर देखी येस," म्हणाला. लाइट या आठवड्यात रात्रीची होती. त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं. तो विहिरीच्या काठाला जाऊन बंद मोटरीपुढं उभा राहिला, पाठ करून. खोपीतून त्याचे खांदे दिसत होते, कानांपर्यंत चढलेले. दोन्ही हात शेजारी लोंबत होते आणि दोन्हींच्या मुठी होत्या.

बेबाबाईनं ओळखल्या त्या. चांगल्या ओळखल्या. असं अंग उघडायला किती दिवस लागतात हेही आता तिला माहीत होतं, आणि ते ज्याचं त्यानंच करायचं असतं हेही. तो धुळ्याला कोणाकडं जाणार? पुरुषमाणसाला कोण सांगणार, गोधडी घे, आडवा हो, श्वास सोड? मळ्यात निजून त्याला बरं वाटत होतं. त्याची मूठ त्याला जपणंच वाटत होती.

ती बराच वेळ बसली. तो वळला नाही. नुसता म्हणाला, "म्हैसले पानी दाखाड, ऊन भलतं शे." तिनं डबा बांधला. बांधावर लघवी आली, तर कपाशीत तिथंच दिवसाढवळ्या बसली. सगळं सहज झालं. वेचणाऱ्या बायकांनी बघितलं असेल. बघू दे.

संध्याकाळी म्हशीनं चटकन पान्हा सोडला, थोपटायची वेळच आली नाही. बादली भरली तरी बेबाबाई उठली नाही. म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवून बसली होती. जरा वेळानं तिला कळलं की आपले दात आवळलेले आहेत. जबडा सोडणं आता तिला येत होतं. तिनं तो तसाच राहू दिला.