हळहळीचा इशारा

टाळीकाकांचा धंदा सांगितला तर लोकांना आधी थापच वाटे. टीव्हीच्या स्टुडिओत प्रेक्षकांसमोर, कॅमेऱ्याच्या मागे उभं राहायचं आणि हातांनी माणसं चालवायची. दोन्ही हात डोक्यावर गेले की टाळ्या. पोटावर हात फिरवला की हसू. तळवा छातीवर ठेवला की हळहळ, आणि तोच तळवा गालावर गेला की डोळे पुसायचे. शेवटी दोन्ही हात दाराकडे केले की सगळ्यांनी पिशव्या उचलून घरी जायचं. प्रेक्षक रोजंदारीवर आणलेले, पण कामाला प्रामाणिक. विनोद कळला नाही तरी हसत, आणि कळला तरी इशाऱ्याशिवाय हसत नसत.

शनिवारचा कार्यक्रम ‘वेगळ्या’ मुलांचा. जी मुलं बोलत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत, आपल्यातच रमतात, त्यांच्याबद्दल वाहिनीला भारी कळवळा. कळवळ्याचे नियम मात्र कडक. एक तर मूल अलौकिक हवं, म्हणजे कुठलीही तारीख विचारा, धडाधड वार सांगणारं. नाहीतर आई ढसाढसा रडणारी हवी. दोन्ही नसेल तर मुलाला काही झालेलंच नाही, असं दिग्दर्शकाचं ठाम निदान असे. डॉक्टर लोक याच निदानाला उगाच महिनोन्‌महिने लावतात.

काकांनी कित्येक शनिवार इमानेइतबारे तळवा छातीवर नेला होता आणि घरी येऊन पोटभर जेवले होते. परदुःख शीतळ म्हणतात ते काही खोटं नाही.

मग त्यांच्या स्वतःच्या घरात हळहळ सुरू झाली. मुलगी आणि चार वर्षांची नात त्यांच्याकडेच राहत. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण डब्याचं झाकण फरशीवर फिरवत ती तासन्‌तास बसे. हाक मारली तर वळत नसे. शब्द मोजकेच. मिक्सर लागला की कानांवर हात. माणूस आवडलं की मात्र त्याचं कोपर धरून त्यावर कपाळ टेकवी, आणि काकांच्या कोपराला हा मान रोज मिळे. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांनी फुकटात निदान करून टाकलं होतं: “ते टीव्हीवर दाखवतात ना, तसलंच काहीतरी.”

“तसलंच म्हणजे काय, ते डॉक्टरला सांगू दे की!” मुलगी वैतागून म्हणे. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. गावाला औषधं द्यायची आणि स्वतःच्या पोरीला डॉक्टर मिळत नव्हता. मोठ्या रुग्णालयात नंबर लागायला वर्ष जाणार होतं, आणि खासगीचं नावच काढायला नको.

एके दिवशी ती म्हणाली, “बाबा, मी वाहिनीला फोन केला. या शनिवारी आपली भिंगरी.”

“डोकं फिरलंय का तुझं? मी रोज तिथे उभा असतो. काय करतात ते मला माहितीये.”

“मलाही माहितीये. रडवतात. रडेन मी. त्यांचे डॉक्टर नंतर दवाखान्यात नीट तपासणार आहेत, पैसे न घेता. त्यासाठी दिवसभर रडायला लागलं तरी चालेल.”

यावर काका काय बोलणार? बोलले एवढंच, “बरं. हॉल माझ्या हातात आहे. मी सांभाळतो.” आयुष्यभर दुसऱ्याच्या इशाऱ्यावर इशारे करणारा माणूस, त्या दिवशी त्याला वाटलं की सत्ता आपलीच.

शनिवारी भिंगरीला दिव्यांच्या झोतात बसवलं. तिने लगेच कान झाकले. सूत्रसंचालिका गुडघ्यावर बसून ओल्या आवाजात म्हणाली, “ही आपल्या जगात नाहीये!” खरं तर भिंगरी समोरच बसली होती आणि तिला त्या जगाचा फार त्रास होत होता.

डॉक्टर साधे गृहस्थ निघाले. म्हणाले, “असू शकेल, नसूही शकेल. असं स्टेजवर सांगता येत नाही. दोन-चारदा शांतपणे भेटावं लागेल.”

“कट!” दिग्दर्शक वरून ओरडला. “असू शकेल काय? पाऊस आहे का तो? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा, मध्ये आपण जाहिराती घेऊ! आणि काका, हळहळ कुठाय? मोठी द्या. आई रडतेय, वाया चाललंय सगळं!”

मुलगी खरंच रडत होती. भिंगरी कान दाबून खुर्चीत आक्रसली होती, आणि सगळा हॉल काकांच्या तळव्याकडे बघत होता. काकांना स्वतःची भयंकर चीड आली. त्यांचा तळवा काही छातीवर गेला नाही. त्यांनी दोन्ही हात दाराकडे केले.

प्रामाणिक माणसं! एकाने विचारलं नाही, की बुवा सूत्रसंचालिका अजून हुंदके देतेय, आपण कुठे निघालो? पिशव्या उचलल्या, खुर्च्या सरकवल्या आणि चालू पडली. दिग्दर्शक ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता, पण त्याच्या ओरडण्याची त्यांना सवयच नव्हती. हॉल रिकामा झाला. दिवे मंदावले, पण गडबडीत कॅमेरे चालूच राहिले. भिंगरीने कानांवरचे हात काढले, खाली उतरली आणि त्या एवढ्या मोठ्या गुळगुळीत स्टेजवर खिदळत गोल गोल धावत सुटली. काकांना वाटलं, जिंकलो.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा. काकांची नोकरी गेली. वाहिनीने फोनवर सांगितलं, “शूटची वाट लावलीत, वर तपासणी कसली मागता?” घरी मुलगी म्हणाली, “बाबा, लोकांची हळहळ मला रोज फुकटच मिळते. तिथे निदान डॉक्टर तरी मिळत होता.”

कार्यक्रम मात्र दिमाखात लागला. वाट लागलेलं शूट वाहिनी फेकून थोडंच देते! रडणारे प्रेक्षक दुसऱ्याच कुठल्यातरी शनिवारचे. डॉक्टरांचं ‘असू शकेल’ कापलेलं. आणि शेवटी, बासरीच्या सुरांवर, रिकाम्या स्टेजवर खिदळत धावणारी भिंगरी. खाली ठळक अक्षरांत: ‘उपचारांनंतर’.

वर्ष उलटल्यावर मोठ्या रुग्णालयातला नंबर लागला. तिघं सकाळपासून बाकावर बसली होती. मुलगी खिडकीपाशी कागद दाखवायला उठली, भिंगरी काकांच्या कोपराला टेकून राहिली. शेजारी एक बाई आपल्या मुलाला मांडीवर आवळून बसली होती. मुलगा सुटायला धडपडत होता आणि ती मात्र भिंगरीला न्याहाळत होती. एकदम तिचा चेहरा उजळला.

“अहो, ही तीच ना? टीव्हीवरची? किती रडलो आम्ही त्या दिवशी! तिला बघूनच तर मी याला इथे घेऊन आले.” मग तिने दारावरची ‘पहिली तपासणी’ ही पाटी पाहिली, पुन्हा भिंगरीकडे पाहिलं, आणि तिचा आवाज खाली आला. “पण ही तर बरी झाली होती ना हो?”